त्याले हळू चालताच येत नाई!

...नाई पण मी म्हनतो, लोक कंप्युटर जोरात चालावा म्हनून डोकं फोडतात, अन् आमची पोट्टी, वर्षाली, आठ दिवसांपासून तो हळू कसा चालंन म्हनून रडून राह्यलती! आता मे महिना, सत्तेचाळीस डिग्री, आमचं सिंदी मेघेचं स्लॅबचं घर... अन् त्याच्यात हे डबडं! रिकामं बसलं तरी पंखा घर्रर्रर्र... जशी पिठाची चक्की! अन् तापलं की पट्कन बंद. पोट्टीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट आठ तारखेले द्याचा, अन् सेव्ह कराच्या आंधीच सगळं उडते!

मी म्हटलं, "बेटा, काम नसंन तं त्यानं जरासा आराम केला तं काय होते?" तं म्हनते, "बाबा, तेच तं! त्याले हळू चालताच येत नाई!"

काऊन येत नाई? तं म्हने, प्रोसेसर बिचारा तयार हाय, पन बोर्डावर एक बायोस राह्यते, जन्मताच शिकवून ठेवलेलं. हळू चालाच्या स्पीडची यादी त्यानं द्या लागते. अन् आमच्या बायोसमंधी यादीच कोरी! मंग मी गेलतो ना भूपेंद्रकडे, ज्यानं हा कंप्युटर जोडून देल्ला त्याच्याकडे. तं तो दात काढून म्हनते, "काकाजी, सगळे स्पीड वाढवाले येतात, कमी कराले तुम्हीच पहिले!" अन् देल्ली एक फ्लॉपी. "नवं बायोस हाय. पन टाकतानी लाईट गेली की बोर्ड खतम."

लाईट गेली की! लोडशेडिंगच्या दिवसात हा मानूस मले म्हनते, लाईट गेली की!

मंग काय, लाईनमन लक्ष्मणरावच्या घरी जाऊन चहा पेलो, तीनदा इचारलं, "अकरा ते साडेअकरा नक्की ना?" शेजारच्या मनकर्णाबाईले सांगतलं, मिक्सर लावू नोका, आज चटनी पाट्यावर वाटा. तं म्हनते, "कोनाचं आपरेशन हाय का जी?" म्हटलं, हो! पोट्टीनं फ्लॉपी टाकली, अन् मी राह्यलो मीटरपाशी उभा, छातीवर हात ठेवून... दोन मिनिटं, तुमाले सांगतो, दोन मिनिटं तोंडातून शब्द नाई काढला! आमच्या घरच्या विमलाबाईनं घाबरून माह्या कपाळाले हात लावून पाह्यला.

झालं! चालू झालं! वर्षालीनं उघडून पाह्यलं... यादी कोरीच! बायोस नवं, फ्लॉपी नवी, अन् अजूनई त्याले हळू चालताच येत नाई!

पोट्टीच्या डोळ्यात पानी. मले नाई पाहवलं, बाप्पा. उचलला माहा कूलर, वाळ्याची नवीकोरी ताटी लावलेला, माह्या दुपारच्या झोपीचा कूलर, अन् ठेवला त्या डबड्यापुढं. बंद पडंन तं शप्पथ! प्रोजेक्ट गेला वेळेवर, पोट्टी पास! अन् मी घामानं भिजून लिथडलो, पन इतकं बरं वाटलं ना मले...

त्या दिवशी म्हटलं, "काम असो नसो, नुसतं जोरात पळनारं असं यंत्र मी जल्मात नाई पाह्यलं." तं मायलेकी एकमेकीकडे पाहून खी खी खी! विमलाबाई म्हनते, "अजी, मी तं पंचवीस वर्षांपासून पाहून राह्यली! त्यालेई हळू चालताच येत नाई!"

आता दुपारी एकाच कूलरपुढं तो कंप्युटर अन् मी. दोघी म्हनतात, जरा हळू बोलत जा, मधात थांबत जा. थांबतो ना... हे पाहा, थांबलो...

...पन त्या भूपेंद्रचं एक सांगाचं राह्यलंच! मी परत गेलतो ना त्याच्याकडे, तं... जाऊ द्या. माह्या बायोसमंधीच नाई ते.