दाराबाहेरचा मॅनेजर आणि रावकाका

चेन्नईत मराठी सिनेमा चालत नाही म्हणता ना? आमचा चालला. का चालला, ते मात्र त्या मॅनेजरला सांगू नका.

आमच्या मराठी मंडळानं नव्या विनोदी सिनेमाचा एक खेळ वेलचेरीच्या थिएटरात लावून घेतला. प्रचार माझ्या गळ्यात. मॅनेजर तमिळ, मराठीचा गंध नाही. म्हणाला, "सर, मी दाराबाहेर उभा राहून ऐकतो. लोक हसले, तरच पुढच्या रविवारी लावतो."

मी शेवटच्या रांगेत जीव मुठीत धरून बसलो. पहिला विनोद आला. इथेच वाढलेली आमची पोरं पडद्यावर खाली येणारं इंग्रजी भाषांतर वाचून आधीच हसली. संवाद पुरा झाल्यावर त्यांचे आईबाप हसले. मग सगळं शांत, आणि एकटे रावकाका गडगडाट करून हसले. काका पिढ्यानपिढ्यांचे तंजावरचे. त्यांची मराठी जुन्या वळणाची, आजकालचे पुणेरी विनोद त्यांना साताऱ्याचं माहेर असलेल्या काकू कानात समजावून सांगतात.

शेवटपर्यंत हाच क्रम.

बाहेर मॅनेजरनं माझा हातच धरला. "सर, वीस वर्षं या दाराशी ऐकतोय. एका जोकला लोक एकदा हसतात. तुमचे तीन-तीनदा हसतात! पुढच्या रविवारी दोन खेळ लावतो."

मी लगेच दोन्ही खेळांची पहिली तिकिटं रावकाकांच्या हातात ठेवली आणि काकूंना म्हटलं, "समजावताना अजिबात घाई करायची नाही हं!"