आत्याने गिझरचं झाकण शोधलं

तुम्ही हसाल, पण आमचा गिझर नवा होता तेव्हा मी त्याचं बटण लाटण्याने दाबायची. वडिलांनी तांब्याचा बंब मोडीत घालून तो आणला होता आणि मला बजावलं होतं, "बटण बंद केल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही."

त्याच आठवड्यात मैंदर्गीहून आत्या आली. घरात आम्ही दोघीच. मी बटण बंद केलं, तिला आंघोळीला पाठवलं आणि दाराबाहेर जीव मुठीत धरून उभी राहिले. आंघोळ निर्विघ्न झाली. मी स्वयंपाकघराकडे वळते न वळते तोच हाक आली, "अगं, ह्याचं झाकण कुटं हाय?"

धावत गेले तर आत्या लुगडं खोचून स्टुलावर चढलेली, कमरेवर गार पाण्याची कळशी, आणि मोकळ्या हाताने गिझरची वायर चाचपतेय!

"आत्या, उतर! करंट लागेल, मरशील!" लाटणं हातात तसंच धरून मी किंचाळले.

"मारतीस का काय मला? गरम पानी काढलं की तितकं गार वतायचं, ही रीत हाय. न्हायतर बंब जळतो की!"

"अगं, हा आपोआप भरतो."

"आपोआप?"

"हो. नळ जोडलाय त्याला."

आत्या कळशी घेऊन हळूच खाली उतरली. तिचा चेहराच पडला होता.

"लई चांगलाय. पर आमच्या घरी नगं बाई," ती म्हणाली. "मग सुनेला सकाळी सकाळी बोलायचं कशावरनं?"