पोट तिचं, तपासणी माझी

नाही, मला एक सांगा, पोट दुखतंय पोरीचं, आणि प्रश्न विचारतायत मला? हा कुठला न्याय? तुम्हाला सांगतो, मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, फ्रिज बंद पडला तर फ्रिज उघडतो, मालकाला "तुमचं घरात कसं चाललंय?" असं विचारत बसत नाही! पण आमची टिटवी... म्हणजे मुलगी हो, चौदा वर्षांची, बडबडीवरून नाव पडलं... तर हिनं शाळेचे बूट घातले की पोटात कळ! रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "समुपदेशक बाईंकडे जा. आणि सगळे जा." सगळे? पोट तिचं आणि सगळे? पण शाळेनं बजावलं होतं, अशीच घरी राहिली तर वर्ष जाईल, म्हणून गेलो मुकाट्यानं.

बाईंच्या खोलीत तीन खुर्च्या. बायको त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मध्ये टिटवी. बाई म्हणाल्या, "असंच बसता नेहमी?" आता घरी जेवायलाही असेच बसतो, त्यात विचारण्यासारखं काय आहे? मग मला म्हणतात, "मुलीच्या दुखण्याबद्दल आईला काय वाटतं, विचारा बरं." एवढंच ना? मी वळलो आणि म्हणालो, "टिटवे, आईला विचार, तिला काय वाटतं."

बायको लगेच फणकाऱ्यानं, "बाबांना सांग, घरात लक्ष असतं तर विचारावं लागलं नसतं!"

टिटवी माझ्याकडे वळली आणि अगदी गोड आवाजात, "बाबा, आई म्हणते, तुम्ही कामानं फार दमता."

अहो, मी काय बहिरा आहे? घरी ती आत, मी बाहेर, आणि जेवताना कुणी बोलत नाही; पण इथे हातभर अंतरावरून ऐकलं की मी! बाईंनी विचारलं, "हे असं बदलून कधीपासून सांगतेस गं?" तर कार्टी म्हणते, "पहिल्यापासून. आहे तसं सांगितलं तर भांडतील ना."

म्हणजे बघा! इतकी वर्षं मी समजत होतो, बायको तोंडावर बोलत नसली तरी मनानं मायाळू आहे. आणि तिला वाटत होतं, नवरा समजूतदार आहे! दोघांचाही संसार चालला होता तो ह्या पोरीच्या जिभेवर! काय डोकं म्हणायचं हे! पण पोट? पोट का दुखावं?

टिटवी खाली मान घालून म्हणाली, "मी शाळेत गेल्यावर तुमचं एकमेकांना कोण सांगणार? घरी येईपर्यंत काहीतरी झालेलं असेल, असं वाटत राहतं."

पोट तिचं, पण खड्डा माझ्या पोटात पडला हो. तुम्हाला सांगतो, रडू येत होतं.

बाईंनी टिटवीला उठवून तिची खुर्ची खिडकीपाशी ठेवली. "आता तुम्ही दोघं बोला." काय बोलणार? मी घड्याळाकडे बघतोय, बायको पर्सची चेन उघडतेय, लावतेय... शेवटी म्हणाली, "अहो." मी मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारतेय! "अहो, पंखा कमी करा, गार लागतंय." मी उठलो, पंखा कमी केला. वळून बघतो तर टिटवी खुर्चीतच गाढ झोपलेली! दुपारी! बाई म्हणाल्या, "दमलीय. तिच्या हातून एकही निरोप पाठवायचा नाही आता."

दुसऱ्याच दिवशी सकाळी ओल्या टॉवेलावरून जुंपली. "अहो, गादीवर टाकायला तो काय चादर आहे?" "अगं, मग दोरीवर जागा ठेव की!" समोरासमोर! आवाज टिपेला! आणि दारात टिटवी उभी. आम्ही दोघं एकदम गप्प, म्हटलं झालं, आता धरणार ही पोट... हिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, बूट घातले, आणि म्हणते कशी, "चालू द्या तुमचं, मला उशीर होतोय."

आणि गेली की हो शाळेत! आम्ही खिडकीतून वळणापर्यंत बघत राहिलो. मग मागे आलो. घरात दोघंच. टॉवेल मी केव्हाच वाळत घातलेला. आता भांडण संपल्यावर एकमेकांशी काय बोलतात, हे काही त्या बाईंनी सांगितलेलं नाही!