उसामागचं घर

फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळी गारवा, दुपारी चटका देणारं ऊन. पत्ता नीट लिहावा म्हणता ना, मग ऐका. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या शिलाई मशीनची मोटर चार दिवस आधीच जळाली होती. गुरुवारी शेजारच्या पोरीचं लग्न आणि नवरीचा ब्लाऊज अर्धाच शिवलेला. बायकोचा जीव टांगणीला. मी मोबाईलवरून नवी मोटर मागवली. निरवांगीत आमच्या वस्तीवर घराला नंबर नाही, म्हणून पत्ता लिहिला, ‘ओढ्यापुढे डावीकडे उंच ऊस, त्याच्या मागचं घर.’

मंगळवारी पार्सलवाल्याचा फोन आला.

“काका, ओढा घावला, पण ऊस कुठं हाय?”

“माझ्याजवळ हाय.”

“म्हंजे कुठं?”

“भवानीनगरला, कारखान्याच्या रांगेत. काल तोड झाली, आज ट्रॉलीसंगं आलोय.”



“पत्ता ट्रॉलीत भरून नेलात व्हय! लई हिंडलो, आता माघारी निघालोय.”

“आरं बाबा, माघारी नको. बायको मला घरात घ्यायची न्हाय.”

“बारामतीला जाताना भवानीनगर लागतंच. तितंच थांबा.”

“आन् रांग हालली तर?”

“ऊस तेवढा वजनकाट्यावर चढवू नका, म्हंजे तुमी घावाल.”

मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून शिव्या देत होते. मी दोन गाड्या पुढे सोडल्या.

दुपारी तीन वाजता त्याने ट्रॉलीमागे येऊन मोटर माझ्या हातात दिली. ब्लाऊज बुधवारी संध्याकाळी शिवून झाला.