चिमूटभर सोडा

कोथरूडच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर कॉलेजातली एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या.

"तोंडी परीक्षेचं सांग आधी, दीक्षा. सगळ्या मैत्रिणी कॉम्प्युटरला गेल्या, तूच केमिस्ट्री धरून बसलीस."

"सरांनी लेबल नसलेल्या दोन पांढऱ्या पावडरी दिल्या. एक बेन्झॉइक ॲसिड, एक नॅफ्थॉल. म्हणाले, जास्त आम्लधर्मी कोणतं?"

"बेन्झॉइक."

"ते सगळ्यांनीच सांगितलं, आकड्यांसकट. पण यातली बेन्झॉइक कुठली, म्हटल्यावर सगळे गप्प."

"आणि तू?"

"चिमूटभर खायचा सोडा मागितला. पाण्यात कालवून दोन्हींवर ओतला. एक फसफसली, दुसरी ढिम्म. म्हटलं, फसफसली ती बेन्झॉइक."

"मग?"

"सरांनी विचारलं, कुणी शिकवलं? म्हटलं, प्रेमला मॅडमनी. कोण या मॅडम? म्हटलं, वीस वर्षं तुमच्याच लॅबमध्ये परीक्षानळ्या धुतात. माझी आई."

"तरीच."

"काय तरीच?"

"मघाशी सर नळापाशी येऊन मला मॅडम म्हणाले. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला त्यांच्या."