बायफेनिल आणि गोरेगावची जीप

सेनगावात गोरेगावची जीप भरत होती. माझ्या समोर उत्तमराव आणि चतुराबाई एकमेकांकडं पाठ करून बसले होते. त्यांची नात पुनम माझ्या शेजारी होती.

"डायवर, आता एक बी माणूस घेऊ नको!" चतुराबाई ओरडल्या.

"आजी, काहून चिडली?"

"तुह्या आबानं बाजारात एकट्यानं भजे खाल्ले."

"थंडे होऊन राहिले व्हते."

"पुनम, तू तुह्या कॉलेजाचं सांग."

"बायफेनिल नावाच्या रसायनाचा स्फटिक केला, आजी. खडीसाखरेवानी. त्याच्या एकेका कणात दोन कड्या असतात, एकाच दांडीनं जोडलेल्या. कण मोकळा असला की दोघी एकमेकींपासून तोंड फिरवतात."

"तोडून टाक मग."

"अशा तुटत न्हाईत त्या. स्फटिकात शेजारचे कण चहूकडून दाबतात, तवा सरळ होतात."

"आपसूक?"

"व्हय, गर्दीनं."

ड्रायव्हरनं तीन बाया चढवल्या. आजी-आजोबांमधली हातभर जागा गेली, खांदे टेकले.

"तुह्यासाठी बी आणले हायेत भजे. पिशवीत."

"मग सांगायला काय झालं व्हतं?"

"तू तोंड इकडं केलंच कुठं?"

पिशवीचा कागद वाजला. भजं तोंडात टाकत चतुराबाईंनी हाक दिली,

"अरे डायवर, अजून दोघं बसतात की हितं!"