केबलचा घट्ट पीळ

हॅलो? … हो ताई, बोल. … अगं, हळू बोलतेय कारण केबलची चाचणी चालू आहे. शेवटची फेरी. … नाही, येणार की नाही ते आत्ता कसं सांगू? टिकली तर आजच निघते. नाही टिकली तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. … हो, हो, कळतंय मला. भाची महिन्याची झाली आणि मावशीने अजून तिचं तोंड पाहिलं नाही. … नाही, लग्न नाही लागलंय माझं केबलशी.

अगं ऐक ना… ही केबल भयंकर थंडीत ठेवली की तिच्यातून वीज जराही वाया न जाता धावते. तिची वेटोळी केली की चुंबक होतो, आणि तोच चुंबक तिला ढकलतो. वीज सोडली की दर वेळी. … आतल्या तारा ठिसूळ ना. वाकल्या की बारीक तडे, तडे गेले की वीज कमी. मागच्या केबलचं तेच झालं, दर धक्क्याला थोडी थोडी कामातून गेली.

… हसू नकोस. आम्हीच लाडावलं होतं तिला. ठिसूळ आहे बिचारी, म्हणून तारा सैल वळल्या. मग त्यांना हलायला जागा मिळाली आणि हलून हलूनच मोडल्या. … म्हणून या वेळी मी म्हटलं, घट्ट पीळ द्या. … साहेब? साहेब म्हणाले, पीळ देतानाच चुरा होईल. सगळ्यांनी वेड्यात काढलं गं मला.

… हो, अगदी तसंच. दुपटं सैल राहिलं की तुझी लेक हात झाडते आणि स्वतःच दचकून उठते ना, तसंच.

थांब, थांब… केबल आता किती वीज पेलते, तो आकडा येतोय. … ताई, गप्प बस जरा.

…

आहे, आहे मी. … तेवढाच आहे गं. पहिल्या फेरीला होता तेवढाच. इतके धक्के खाऊनही. … कुठे रडतेय? … बरं, रडतेय. आनंद झालाय मला, काय करू? … तो आवाज? साहेब टेबल बडवतायत. चष्मा पडला त्यांचा, तरी बडवतायत.

… उठली? तू फोन स्पीकरवर ठेवला होतास? … दुपटंही सुटलं? राहू दे, तू नको गुंडाळूस. मी येऊन गुंडाळते. … हो, आजच. … हो, घट्ट. चल, ठेवते, बॅग भरायचीय.